जावाच्या दिशेला बोट

घरी येऊन तीन दिवस झाले, पण विद्यासाने बापाच्या तोंडाकडे एकदा नीट पाहिलं असेल तर शपथ. बघायचं ते बापाच्या हाताकडे, नाहीतर मांडीवरच्या फोनकडे. सुकेर्ती आजी ओसरीवर रताळी सोलत होती, आणि नातवाचे हे थेर बघून बघून तिचे डोळे शिणले होते.

तिचा मुलगा सुकाया, म्हणजे विद्यासाचा बाप, जन्मापासून बहिरा. उत्तर बालीतल्या त्या गावात बहिरी माणसं इतकी, की ऐकू येणारेही लहानपणापासून हातांनीच बोलायचे. सुकाया समोर असला की आजीच्या तोंडाबरोबर तिचे हातही चालायचेच. विद्यासाही तसाच वाढला. मग शिकायला जावा बेटावर, सुराबायाला गेला, आणि सहा वर्षांनी हा काळा हातमोजा घेऊन आला. मोज्यात बारीक तारा. हाताची खूण ओळखून फोन ती बोलून दाखवणार म्हणे.

मोज्याला ओळख पटावी म्हणून सकाळपासून सुकाया 'पाणी' ही एकच खूण करत होता. नारळ उतरवून घट्टे पडलेला पंजा मोज्यात कसाबसा कोंबलेला. मागे डुकरं भुकेने ओरडत होती. पोराने सांगितलंय म्हणून तो करत होता, एवढंच.

मधेच तो थांबला. माडांच्या पलीकडे, जावाच्या दिशेला त्याने बोट दाखवलं. मग तळवा जमिनीवर टेकवला, आणि भुवया उंचावून पोराकडे पाहिलं.

"एक," फोनमधली बाई म्हणाली. मग म्हणाली, "पाणी."

"बाबा, मधे दुसरं काही करू नका हो. परत पहिल्यापासून घ्यावं लागतं," विद्यासा म्हणाला. नुसत्या तोंडाने.

शेजारची कोंपियांग डुकरांचं खाणं घेऊन फाटकावरून चालली होती. ती थांबली. "अरे विदी, बाप विचारतोय, परत तिकडे जाणार का इथंच राहणार? मला एवढ्या लांबून दिसलं. तुझ्या त्या बाईला दिसेना होय?"

"बोट उघडलं की मिटलं, ते कळतं तिला," विद्यासा वहीत काहीतरी लिहीत म्हणाला. "कुठे दाखवलं ते नाही कळत अजून. पुढच्या वेळी कळेल."

कोंपियांग मान हलवत निघून गेली. विद्यासाने मान वर न करता बापाला पुन्हा 'पाणी' करायची खूण केली.

सुकायाने केलं नाही. तो अजून भुवया उंचावूनच बसला होता.

आजीने सुरी खाली ठेवली. सुकायाला काही दिसू नये म्हणून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"तू कधीचाच गेलायस, विदी," ती म्हणाली. "तुझ्या बापाला अजून कळलेलं नाही, तेवढं राहू दे."