वहिनींची संमती

सुज्ञ वाचकहो, जे घडले ते जसेच्या तसे आपणांसमोर सविनय निवेदन करीत आहे.

वहिनींचे इंटरनेटवरील लेख मी त्यांना न विचारता डिजिटल टोकन, म्हणजे मालकीहक्काचे ऑनलाइन दाखले, करून विकले. भर दुपारी त्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात अवतीर्ण झाल्या.

"आयत्या बिळावर नागोबा झालात होय, भाऊजी? संमती कोणी दिली तुम्हाला?"

"तुम्हीच! रेकॉर्डिंग आहे," असे धडधडीत असत्य बोलून मी मोबाइल उगाचच पुढे धरला.

त्यातून वहिनींचाच आवाज आला. "दिली संमती. विका."

वहिनी पांढऱ्याफटक पडल्या. "मी हे बोललेच नाही!"

"तिचं ऐकू नका, भाऊजी," मोबाइल म्हणाला. "उरलंसुरलंही विका."

वहिनींनी किंचाळण्यासाठी तोंड उघडले. किंकाळी मोबाइलमधून आली.

वाचल्याबद्दल ऋणी आहे.
आपला नम्र,
झेरॉक्सवाला