मानपत्रातली एक ओळ

मानपत्र वाचणारी बाई ‘एकाहत्तरच्या युद्धात’ या शब्दांपाशी आली, तसा सहादू सावरून बसला. शेजारच्या अक्काबाईला त्याने कोपराने खुणावलं. हे ऐकायलाच तो तिला सकाळच्या एसटीने वणीहून नाशिकला घेऊन आला होता.

“शत्रूचा मारा वाढताच साथीदार माघारी फिरले. परंतु कॅप्टन दाणी जागचे हलले नाहीत. मशीनगनचा ताबा घेऊन त्यांनी पहाटेपर्यंत एकट्याने ती टेकडी लढवली...”

टाळ्यांनी सभागृह भरून गेलं. कारगिल संपून तीन महिनेही झाले नव्हते. फौजेचं नाव निघालं की लोक उभे राहून टाळ्या वाजवत. आताही उठले. सहादूचे हात मांडीवरच राहिले.

त्या टेकडीवर सहादू धरून बारा जवान होते आणि तेरावे कॅप्टन दाणी. वायरलेस बंद पडलेला, गोळ्या संपत आलेल्या. खाली उतरायचा हुकूम कॅप्टनसाहेबांनीच दिला. हुकूम बरोबर होता, त्यात कुणाला कधी शंका नव्हती. साहेब सगळ्यांना घेऊन उतरले. त्यांना उतरता यावं म्हणून मशीनगनवर मागे राहिला तो गेणू. “व्हा पुढं, आलोच,” म्हणाला होता. तो आला नाही.

गेणूची बायको आता सहादूकडे बघत होती.

“माघारी फिरले म्हंजे? ह्यांनाबी धरून?”

“चुकून लिवलं आसंल, वहिनी. मी सांगतो साहेबांना.”

साहेबांची त्याला भीती नव्हती. दाणी मेजर जनरल होऊन नाशकात परतले, तेव्हापासून जिल्ह्यातल्या कुठल्याही माजी सैनिकाचं काम अडलं की तो त्यांच्या बंगल्यावर जाई. ते स्वतः कचेरीत चकरा मारत. सहादूच्या पोरीच्या लग्नात पंगतीला बसून जेवले होते. शहर त्यांचा सत्कार करत होतं, ते उगाच नव्हे.

मंचाच्या बाजूच्या पायऱ्या चढून तो साहेबांच्या खुर्चीमागे वाकला.

“साहेब, मानपत्रात चुकलंय. गेणूचं.”

साहेब समोरच बघत राहिले. “ऐकलं मी.”

“त्याची बायको आलीय. तिसऱ्या रांगेत बसलीय.”

साहेबांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, “जा, बस. माझ्या भाषणात सांगतो.”

सहादू जवळजवळ पळतच जागेवर आला. “सांगनार हायेत, वहिनी. सोता साहेब, माइकवर.” अक्काबाईने पदर सारखा केला आणि मंचाकडे तोंड करून बसली.

साहेब वीस मिनिटं बोलले. शाळेतल्या मास्तरांबद्दल बोलले, गोदावरीत पोहायला शिकले त्याबद्दल बोलले. तरुणांनी फौजेत का यावं, ते सांगितलं. मग थांबून त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

“त्या टेकडीबद्दल आज इथे बरंच वाचलं गेलं,” ते म्हणाले. त्यांची नजर तिसऱ्या रांगेपर्यंत आली. तिथून पुढच्या रांगेतल्या फोटोग्राफरांवर गेली, मग बाजूला ओळीने बसवलेल्या शाळेच्या मुलांवर. “त्याबद्दल मी स्वतः काय बोलू? एवढंच म्हणेन, माझ्या जवानांशिवाय मी कुणीच नव्हतो.”

लोक पुन्हा उभे राहिले. समोरच्या माणसांच्या पाठींमुळे सहादूला मंच दिसेनासा झाला. साहेब बसले असणार, हे त्याला टाळ्यांवरून कळलं. शेजारी अक्काबाई अजून वाटच बघत होती. भाषण संपलं, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिला ते कसं सांगावं, हे त्याला सुचेना.

“आणि आता,” बाईंनी जाहीर केलं, “साहेबांचे त्या रात्रीचे साथीदार, नाईक सहादू गांगुर्डे यांना मी विनंती करते, त्यांनी साहेबांना शाल घालावी.”

अठ्ठावीस वर्षं हा माणूस समोर आला की सहादू आपोआप उठून उभा राहत आला होता. आज तो बसून राहिला.

बाईंनी पुन्हा नाव पुकारलं. साहेबांना तो दिसत होता. त्यांनी काही खूण केली नाही. “बहुधा आलेले नसावेत,” असं म्हणत बाई पुढच्या नावाकडे वळल्या.

कार्यक्रम संपल्यावर ती दोघं बाहेर पायऱ्यांवर गर्दी ओसरायची वाट बघत थांबली होती. हारवाल्यांना, सही मागणाऱ्या पोरांना बाजूला सारत साहेब स्वतः तिथवर आले. सहादूकडे त्यांनी पाहिलं नाही. अक्काबाईपुढे हात जोडले.

“शब्द तोंडापर्यंत आले होते, अक्काबाई. एवढ्या लोकांसमोर... नाही जमलं.”

अक्काबाईने त्यांच्याकडे नीट बघितलं. तिचा आवाज चढला नाही.

“लढाई सरल्यावर तुमी माज्या दारात आला व्हता. भुईवर बसून म्हनला, गेणू नसता तर आमच्यातला एकबी जिता आला नसता. रडलाबी व्हता. पर तवा ऐकायला मी एकटीच व्हते, साहेब. आज एवढी लोकं व्हती.”

ती पायऱ्या उतरू लागली. सहादू तिच्यामागोमाग निघाला.

साहेबांनी वळून सभागृहात पाहिलं. खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. मंचावर माइकवाला वायर गुंडाळत होता.