बंद बाटली

लॅब सोडल्यावर शास्त्रज्ञानं काय करावं, हे दिव्यानी एका पॉडकास्टमधून शिकली होती. गावात जायचं, पुरावा डोळ्यांपुढं ठेवायचा, लोक ऐकतात.

म्हणून तर त्या जंगलाकाठच्या गावात ती थेट मारणाऱ्यांच्या मध्ये घुसली. दोन लेकरं जुलाबानं गेली होती, आणि करणी केली म्हणत गावानं आशाबाईला काठ्यांनी फोडून काढलं होतं. म्हातारीच्या पांढऱ्या केसांतून रक्त गळत होतं.

"बाईले सोडा. दोष विहिरीच्या पाण्याचा आहे." दिव्यानीनं सगळ्यांसमोर ते पाणी आत औषधाची पट्टी असलेल्या तपासणीच्या बाटलीत भरलं, झाकण घट्ट लावलं आणि बाटली पारावर ठेवली. "पाणी खराब असन तर उद्यापर्यंत काळं पडन. तोवर बाईले कोणी हात लावू नका."

ज्याची पोरगी गेली होती तो हेमराज कसाबसा कबूल झाला. आशाबाईला तिच्याच घरात कोंडलं.

दुसऱ्या दिवशी पाणी काळंकुट्ट झालं होतं. दिव्यानीनं बाटली उंच धरली. तिचा जीव भांड्यात पडला.

हेमराजनं कुऱ्हाड उचलली.



"पाह्यलं? कोंडून ठेवली, तरी बंद बाटलीतलं पाणी काळं केलं तिनं."