इंद्रभानच्या अर्जाला उत्तर

"लिहा, ठेवलेली होती म्हनून," सत्यभामाबाई म्हणाली.

नारायणराव वकिलांनी पेन खाली ठेवलं. जळगावच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली बसून ते मघापासून तिला समजावत होते. दीर इंद्रभान सोनाळ्याचं सारं वावर दाबून बसला होता. बाईने नवऱ्यामागे वाटणीचा दावा लावला, तर त्याने उलटा अर्ज दिला: मयत हिंमतरावाला दोन बायका, दुसरीला दाव्यात घेतलेलंच नाही, सबब दावा खारीज करावा.

"बाई, एका ओळीचं उत्तर हाय. अंबूबाईले सामील करून घेतो म्हना, अर्ज गेला खड्ड्यात. तिचं लग्न दुसरी बायको बंद करनाऱ्या नव्या कायद्याच्या आधीचं, म्हनजे बायकोच हाय ते. नाही तं दावा जाईन अन् वावर इंद्रभानच्या घशात."

"जाऊ द्या. पन तिले बायको म्हननार नाही मी."

नवरा मेला तरी चालेल, पण सवत रंडकी झाली पाहिजे, असं म्हणतात. सत्यभामाबाईची जळफळ त्याच्याही पुढची. सवतीचं रंडकेपणसुद्धा तिला बघवत नव्हतं. हिंमतरावाची विधवा म्हणवून घ्यायचा मान गावात एकटीचाच हवा होता. शेवटी वकिलांनी तिच्या मनासारखं उत्तर लिहून दिलं.

आत जज्जसाहेबांनी ते वाचलं. इंद्रभान वस्ताद, त्याने अंबूबाईला सोनाळ्याहून आणून बसवलंच होतं. साहेबांनी तिलाच विचारायचं ठरवलं. ती पदर पुढे ओढून साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. पांढऱ्या कपाळानेही अजून तरणी दिसत होती. सत्यभामाबाईच्या पोटात दुखलं.

कारकुनाने शपथ दिली. "नवऱ्याचं नाव?"

अंबूबाईने मान खाली घातली.

"नाव सांगा, बाई."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

सत्यभामाबाईला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ती ताडकन उठली.

"पाहा साहेब! नवरा असता तं नाव नसतं सांगतलं? हिंमतराव! हिंमतराव! माहा नवरा होता थो, माहा!"

मागे बसलेल्या एका म्हातारीने कानांवर हात ठेवले. लग्नातल्या उखाण्यानंतर हे नाव सत्यभामाबाईच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. तो गेला त्या दिवशी ऊर बडवून रडतानाही निघालं नव्हतं.

"मोठ्याबाई," पिंजऱ्यातून अंबूबाई कळवळून म्हणाली, "काऊन नाव घेता हो त्याईचं?"

सत्यभामाबाई मटकन खाली बसली. जो तो आता अंबूबाईकडे बघत होता. साहेबसुद्धा.

नारायणराव तिच्याकडे वाकले. "बाई, अजून वेळ हाय. उत्तर बदलून देऊ काय?"

बाईने तोंडाला पदर लावला.

"बदला," ती म्हणाली. "बायको लिहा तिले."

वकील उठू लागले, तशी तिने त्यांच्या कोटाची बाही घट्ट धरली.

"पन माह्या खालती लिहा."