एक आईकडून, एक बापाकडून

“एक जनुक आईकडून येतं, एक बापाकडून,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “एकच सदोष असलं तर माणूस नुसता वाहक असतो, त्याला स्वतःला त्रास होत नाही. दोन्ही सदोष आली तर सिकलसेलचा आजार होतो. मयुरीत दोन्ही तशीच आली आहेत.”

“म्हनजे आमी दोघंही वाहक?” हेमराजने विचारलं.

“असणारच. तरी दोघंही रक्त तपासून घ्या.”

हेमराजचं अल्लीपूरला किराणा दुकान होतं. नऊ वर्षांची मयुरी त्याची एकुलती एक. अधूनमधून तिचे सांधे धरायचे, ताप यायचा. गावात सगळे वात म्हणायचे. या खेपेला छातीत कळा येऊ लागल्या, तेव्हा त्याने जीप करून तिला वर्ध्याच्या दवाखान्यात आणलं.

त्याची बायको सुलोचना पोरीजवळच राहिली. तिचं रक्त त्याच दिवशी घेतलं. हेमराज दुकानाची सोय लावायला गावी गेला आणि परत आल्यावर त्याने आपलं रक्त दिलं.

“तुह्यं काय निंगालं?” आल्या आल्या त्याने विचारलं.

“माह्यात हाय म्हनते,” सुलोचना म्हणाली. मयुरीच्या पायावरची चादर ती सारखी करत होती. तिने वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी रक्ततपासणीच्या खिडकीतला माणूस हेमराजला म्हणाला, “तुमच्यात काही नाई, भाऊ. साफ हाय.”

हेमराजने पुन्हा विचारलं. त्या माणसाने त्रासून पुन्हा तेच सांगितलं.

तो बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन बसला. चहा समोर आला, निवला. लग्नानंतर सहा वर्षं मूल नव्हतं. मग सुलोचनाला दिवस गेले, ती नालवाडीला माहेरी गेली आणि पोरगी घेऊनच परतली. मधे दुकान सोडून त्याला एकदाच जाता आलं होतं. तिथे शेजारी चंद्रभान नावाचा माणूस राहायचा. कळा सुरू झाल्या तेव्हा त्यानेच धावपळ केली, असं सासू कौतुकाने सांगायची.

अल्लीपुरात लोक म्हणायचे, पोरगी बापावर गेली. तेच डोळे, तेच कपाळ. हेमराज वॉर्डात परतला आणि झोपलेल्या मयुरीकडे बघत उभा राहिला. त्याला तिच्यात स्वतःचं काहीच सापडेना.

“काय सांगतलं जी?” सुलोचनाने विचारलं.

“गर्दी होती. उद्या बोलावलं.”

दिवसभर तिची नजर त्याच्यावरच होती. त्याने डबा उघडला आणि तसाच बंद केला, तेही तिने पाहिलं.

सकाळी तो ठरवूनच आला. तिला बाहेर व्हरांड्यात न्यायचं आणि सरळ विचारायचं, पोरगी कोनाची हाय? चंद्रभानचं नाव घ्यायचं आणि तिचा चेहरा बघायचा. पुढे काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. कदाचित एकट्यानेच अल्लीपूरची एसटी धरायची.

“बाबा,” मयुरी म्हणाली, “पाय चेपून द्या ना. तुमी चेपले का बरं वाटते.”

तो खाटेच्या कडेवर बसला. पोटरीला हात लावला तशी ती कळवळली, मग सैल झाली. त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून ती हळूहळू झोपी गेली. सुलोचना समोर उभी होती. पदराचा काठ तिने बोटाला गुंडाळला होता.

“माह्यातही हाय,” हेमराज म्हणाला.

सुलोचना स्टुलावर बसली. पदर तोंडात कोंबून ती रडू लागली.

“काऊन रडून राह्यली? तुह्या एकटीचा दोष नाई. अर्धा माह्या हाय.”

त्यावर ती आणखीच रडली. त्या रडण्याचा अर्थ आपल्याला कळला, असं हेमराजला वाटलं. त्याला जे विचारायचं होतं ते त्याने तिथेच गिळलं. चंद्रभानचं नाव आता जन्मात काढायचं नाही. मयुरीची मूठ त्याने सोडवली नाही.

दोन-तीन दिवसांत पोरीचं दुखणं उतरलं. घरी सोडायच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी नवराबायकोला आपल्या खोलीत बोलावलं. दोघांच्या तपासण्या त्यांनी आजच पाहिल्या होत्या.

“तुम्ही दोघंही इतके धास्तावलेले का होता, ते आत्ता कळलं,” त्या हसून म्हणाल्या. “दोघांच्याही रक्तात सिकलसेल नाही. मुलगी दत्तक आहे, हे पहिल्याच दिवशी सांगायचं ना.”