भिंतीवरचा खिळा

तालमीच्या भिंतीवर फक्त मैदान मारलेल्या पैलवानांचे फोटो लागत. तिथल्या आनंदा नावाच्या पोरानं एकही कुस्ती जिंकली नव्हती; म्हणून तो श्रीलंकेच्या लढाईत कामी आल्यावर आईनं आणलेला त्याचा वर्दीतला फोटो वस्तादांनी ट्रंकेत ठेवून दिला. दहा वर्षांनी एक फौजी लंगडत दारात आला. “आनंदाचे वस्ताद तुम्हीच?” “मीच की. बसा पावणं.” “लंकेत माझ्या पायात गोळी बसलती. त्यानं मला खांद्यावर टाकून नाला ओलांडला. दुसऱ्याला आणायला माघारी गेला, तो आलाच न्हाय. म्हणालेला, हरल्यावर वस्ताद शिक्षा म्हणून गडी खांद्यावर देऊन पळवायचे, त्याचीच सवय हाय.” वस्तादांनी ट्रंक उघडली. भिंतीवर खिळा रिकामा नव्हता. त्यांनी चांदीच्या गदेसोबतचा स्वतःचा फोटो उतरवला, तिथं आनंदाचा टांगला. आखाड्यातली माती फोटोतल्या त्याच्या कपाळाला लावत म्हणाले, “मैदान मारलंस की रं!”