डोहाचा मान

पंकज ओल्या पँटीनिशी घरात आला आणि चुलीपाशी बसलेल्या आईला म्हणाला, "माय, ड्रम लवंडला."

पुरण घोटणारा रेणुकाबाईंचा हात थांबला. "कुठी?"

"डोहापाशी. दवाई कालवून राह्यलो होतो. काठाची माती खचली. सारी दवाई डोहात गेली."

"वावरात पानी नेऊन कालवाचं, असं ठरलं हाय ना?"

"तीन वावरं वलांडून कोन पानी वाह्यते? आज अमावस्या हाय. ऊन तापाच्या आंधी फवारा मारा लागते."

ते खरं होतं. पोळ्याच्या अमावस्येला बोंडअळीची पाखरं कपाशीवर अंडी घालतात, असं गावात सगळेच मानत. त्यामुळे बैलांचा सण आणि फवारणी एकाच दिवशी येई. पण नियम रेणुकाबाईंनीच करून घेतला होता. गेल्या वर्षी नाल्याच्या डोहात मासे उलटे तरंगले, तेव्हा पंचायतीच्या मेंबर म्हणून त्या घरोघर फिरल्या होत्या. नाल्याच्या काठी दवाई कालवायची नाही, पंप धुवायचा नाही. जो मोडेल त्याची जोडी पोळ्याच्या तोरणाखाली उभी राहणार नाही. ही शिक्षाही त्यांनीच सुचवली होती. यंदा डोहात पुन्हा मासे दिसले आणि गावाने ठरवलं, पोळ्याला डोहात पहिली जोडी रेणुकाबाईंची उतरेल, तोरणाखालीही तीच पहिली राहील.

"कोनी पाह्यलं काय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

त्या एकट्याच डोहावर गेल्या. पंधरा दिवस पाऊस नव्हता. नाला बारीक झाला होता, डोहातलं पाणी जेमतेम हलत होतं. पाण्यावरचा दुधाळ पट्टा विरत चालला होता. वास होता, पण तो आठवडाभर साऱ्या शिवारालाच होता. काठाला चार मासे पांढरी पोटं वर करून पडले होते. रेणुकाबाईंनी ते उचलले, पानात गुंडाळले आणि दूर झुडपात फेकून दिले. हात मात्र त्यांनी घरी येऊन धुतले.

"आपली जोडी नळावर धू," त्या पंकजला म्हणाल्या.

दहाच्या सुमारास रामाजी आपली जोडी घेऊन फाटकाशी थांबला. अर्धं आयुष्य त्याने दुसऱ्यांचे बैल राखले होते. हिऱ्या आणि मण्या ही त्याची स्वतःची पहिली जोडी. त्याच्या मागे आणखी सात-आठ जोड्या होत्या.

"वैनी, चला ना. तुमच्या जोडीबिगर कोनी पान्यात उतरून नाही राह्यलं."

"तुमी व्हा पुढं. आमच्या बांड्याच्या पायाले लागलं."

"अन् मंग मान?"

"यंदा तुमी घ्या."

रामाजीने मागे वळून पाहिलं, कोणी ऐकलं का ते. मग तो हसला. "हिऱ्या, आयकलं काय रे? आज तू पटेल!"

"रामाजी," रेणुकाबाई म्हणाल्या, "तुमी बी नळावरच धुवा ना. जवळ पडते."

"नळावर बाया भांडे घासतेत, वैनी! पोळ्याचा बैल डोहातच पाह्यजे. तुमीच तं वर्सभर राखला. आज पोटभर पाजतो दोघाले."

रामाजीने कासरा ओढला. जोड्या नाल्याकडे वळल्या. घुंगरांचा आवाज संपेपर्यंत त्या फाटकाशी उभ्या होत्या. मग आत जाऊन पुरण घोटू लागल्या.

चार वाजता पारासमोर तोरण बांधलं गेलं. गावचे म्हातारे पटेल यशवंतराव जोड्या ओळीत लावत होते. त्यांनी निरोप पाठवला होता, लंगडत का होईना, पहिली जोडी रेणुकाबाईंचीच राहील. नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं. पंकजने जोडी आणून पहिल्या जागी उभी केली. शेजारी रामाजीची जोडी होती.

वाजंत्री सुरू झाली तेव्हा हिऱ्याच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती. मग त्याचे मागचे पाय थरथरले. तो आधी बसला, मग झुलीसकट आडवा झाला. ओळीतले आणखी दोन बैल लाळ गाळू लागले. कोणीतरी बाजारहत्नूरच्या जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. डॉक्टरने पहिलाच प्रश्न विचारला, "पानी कहाँ का पिलाया?"

वाजंत्री थांबली.

"कोनं केलं?" यशवंतराव ओरडले. "नाव सांगा. त्याची जोडी आत्ताच भाईर काढतो!"

पंकज जमिनीकडे पाहत होता.

"रेणुकाबाई, डोह तुमी राखता. तुमाले काई दिसलं काय?"

"नाही," त्या म्हणाल्या.

डॉक्टर पोचायच्या आत हिऱ्याचे पाय ताठ झाले. रामाजी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. सकाळी बैलांबरोबर तोही कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला होता; त्याचे डोळे लालभडक झाले होते, नाक गळत होतं. हिऱ्याच्या शिंगांचा ओला रंग त्याच्या सदऱ्याला लागला होता.

त्याने वर पाहिलं. समोर बांड्या उभा होता. मान ताठ, शिंगांवर बेगड. रामाजीची नजर खाली उतरली. पुढच्या दोन्ही पायांवरून गेली, मागच्या दोन्हींवरून गेली. मग पुन्हा पुढच्या पायांवर आली.

"वैनी," तो म्हणाला, "कोन्त्या पायाले लागलं होतं?"